वीस पावलं मागे

दुपारी मारबत गेली.
तांडापेठेतले ढोल ओसरले
आणि पोरीनं नंदी बाहेर काढला,
सागाचा, एका शिंगाचा.
दुसरं शिंग मागच्या तान्ह्या पोळ्याला
गोळीबार चौकात कुठंतरी पडलं.

"बाबा, तुम्ही सोबत नका येऊ हं.
वेदांगचे बाबा येत नाहीत."

पर्णिका यंदा मावळा.
काजळाची मिशी, माझ्या लग्नातला फेटा.
प्रणाली महावितरणात, खांबावर चढणारी बाई;
तिनं ड्युटीच्या जुन्या जाकिटाची चमकती पट्टी कापली
आणि मावळ्याच्या पाठीवर आडवी शिवून टाकली.
"मावळ्याले अशी पट्टी नसते, आई!"
"या मावळ्याले असते."

मग चाकांना तेल देता देता नियम.
उंबरठ्याच्या आत जायचं नाही,
नंदी दारात, तूही दारात.
उघडा पेढा लगेच तोंडात नाही.
खांबाला हात नाही, ओला असो की कोरडा
(हे प्रणाली दोनदा म्हणाली).
आणि हेडाऊच्या गल्लीत नाही.

"काऊन?"

काऊन, ते मलाही नीट सांगता आलं नाही.
एकटा माणूस. डोळे लाल. दार कायम अर्धं उघडं.
लोक बोलतात.
काय बोलतात, ते मी कधी विचारलं नाही.

ती निघाली. वीस पावलं मागे मी,
मोबाइल कानाला, पलीकडे कोणी नाही.
दारोदारी तिचा आवाज पुढून येत होता,
"माझा नंदी एका शिंगाचा,
बोजारा द्या दोन नोटांचा!"
हसून कोणी दहा दिले, कोणी चॉकलेट,
एका मास्तरीणबाईंनी टोक केलेली पेन्सिल.

हळूहळू लक्षात आलं,
प्रत्येक नंदीमागे थोड्या अंतरावर
असंच कोणीतरी रेंगाळतंय.
कोणी चपलेचा अंगठा बघतंय, कोणी आभाळ.
पानठेल्याच्या आड, पाठमोरे, वेदांगचे बाबा.
आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

सातला लाइट गेली.
प्रणालीला फोन आला असणार, शिडी निघाली असणार.
आता मला फक्त पट्टी दिसत होती,
तीही कुणाच्या गाडीचा उजेड पडला तर.
पेटायची. विझायची. थोडी पुढे पेटायची.

मग एक ई-रिक्षा वळणावरून गेली,
अख्खा रस्ता उजळला,
आणि काहीच चमकलं नाही.

किती पावलं धावलो, मोजलं नाही.
सकाळी गर्दीत नुसतं ओठ हलवत म्हटलेलं
आता पोटातून वर आलं,
घेऊन जा गे मारबत,
लोंबत्या तारा घेऊन जा, उलटे येणारे टिप्पर घेऊन जा,
पाण्याखाली लपलेली भोकं
आणि माझी ही जीभ, जिनं तिला एकटं जाऊ दिलं,
घेऊन जा.

हेडाऊच्या गल्लीच्या तोंडाशी टॉर्च लावला.
पाठीवरची पट्टी लख्ख पेटली.
पर्णिका उभी होती, नंदीची दोरी मनगटाला दोनदा गुंडाळून.
समोर, गल्लीच्या मधोमध, गुडघ्याखाली पाणी,
बाज टाकून हेडाऊ बसलेले.

"जवळ येऊ नोको व माय, तिथूनच झेल."
आणि एकेक चॉकलेट फेकत होते,
ती फेट्यात झेलत होती.

"झाकण चोरलं कोणीतरी," ते मला म्हणाले.
"चार फोन केले मनपाले.
बाज एकटी ठेवली तं पोट्टे खालून नंदी नेतेत.
म्हून बसलो."
डोळे लाल होते,
दिवसभर वेल्डिंग करणाऱ्याचे असतात तसे.

माझ्या एकाच पायात चप्पल होती.
पर्णिकानं ती पाहिली, मिशी पुसली,
"फोनवर होते का?" एवढंच विचारलं.

मग फेट्यात हात घालून
तिनं सगळ्यात मोठं चॉकलेट निवडलं.
जवळ जायचं नव्हतं, म्हणून फेकलं.

हेडाऊंनी एका हातानं झेललं.
बाज करकरली.